आकोबाने सोडलेला मान

कोकणात एका खाडीच्या आतल्या अंगाला खारशेत नावाचं गाव होतं. गावात तेलाचे दहा घाणे होते आणि त्यांतले सहा शनिवारी बंद असायचे. हे सहा घाणे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचे. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी ते बैल जुंपत नसत आणि चूलही पेटवत नसत. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांतला एक घाणा आकोबाचा.

या लोकांत मानाच्या रीती फार. बापाला नावाने हाक मारायची नाही. बापाच्या जागेवर बसायचं नाही. तो बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. बाप आला की मुलाने उठायचं आणि तो ‘बस’ म्हणेपर्यंत उभं राहायचं. धर्म शिकलेल्या माणसालाही असाच मान. तो दारातून आत आला की पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा उठायचं, कारण उठायचं ते त्याच्यासाठी नव्हे, त्याने शिकलेल्या शास्त्रासाठी.

आता बाप अडाणी आणि मुलगाच शिकलेला निघाला तर काय करायचं? त्याचंही उत्तर वाडवडिलांनी ठरवून ठेवलं होतं. दोघांनी एकमेकांसाठी उठायचं. बापाने शास्त्रासाठी आणि मुलाने बापासाठी.

आकोबाचा मुलगा इसाजी असाच शिकलेला निघाला. गावचे धर्मप्रमुख मुसाजी काजी यांनी त्याची बुद्धी ओळखली आणि त्याला मुंबईला एका गुरूकडे पाठवलं. सात वर्षं तो तिथे शिकला. आवाज गोड होताच, त्याला विद्येची जोड मिळाली. परत आला तो हझान होऊन, म्हणजे सिनेगॉगात, त्यांच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना चालवणारा होऊन. काजीसाहेब थकले होते. त्यांनी आपली जागा आनंदाने त्याला दिली आणि स्वतः भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले.

पहिल्याच शनिवारी इसाजी सिनेगॉगाच्या दारात आला आणि सगळी माणसं उठली. आकोबा सर्वांच्या आधी उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रार्थना संपल्यावर हातबोशी झाली. हातबोशी म्हणजे समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, सोडायचा आणि आपली बोटं ओठांना लावायची. ती हझानापासून सुरू होते आणि माणसामाणसातून सगळीकडे पोचते. त्या दिवशी इसाजीने खरं तर चार पावलं चालून आधी बापाकडे जायला हवं होतं. पण तो जागचा हलला नाही. बाप रांगेतून त्याच्याकडे आला, त्याने मुलाचा हात हातात घेतला आणि आपली तेलकट बोटं ओठांना लावली. इसाजीला जरा अवघडल्यासारखं झालं. जरासंच.

दुसऱ्या दिवशी इसाजी ओटीवर पोथी घेऊन बसला होता. दुपारी आकोबा घाण्यावरून घरी आला. इसाजी पोथी मिटून उठू लागला, तर बाप म्हणाला, “बस रे, बस! तू आता हझान. माझ्यासाठी नको उठूस. मी माझा मान सोडला.”

बापाने आपला मान सोडला तर तो सुटतो, असंही शास्त्रात आहे. इसाजीला ते तोंडपाठ होतं. तो बसला. आकोबा मात्र उभा राहिला, मुलगा पुन्हा वाचायला लागेपर्यंत.

शास्त्रात त्याच्या पुढची ओळही आहे. शिकलेल्या माणसालाही आपला मान सोडता येतो. ‘बाबा, मीही माझा सोडला, तुम्हीही बसा,’ एवढंच म्हणायचं होतं. ही ओळ इसाजीला ठाऊक नव्हती असं नाही. ती त्याला त्या वेळी आठवली नाही. आपल्या सोयीचं नसलं की माणसाला आठवत नाही, शिकलेल्यांना तर जास्तच.

असं वर्ष गेलं. इसाजी घरात शिरला की आकोबा उठायचा. जेवत असला तरी उठायचा, डोळा लागला असला तरी उठायचा. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. हझानाचा बापच उठतो म्हटल्यावर लोकही ताठ उठू लागले. इसाजीला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

मग ते सुरू झालं.

इसाजी एका बारशाला शेजारच्या गावी गेला होता. भर सकाळची वेळ. यजमानाच्या घराचा उंबरठा त्याने ओलांडला आणि त्याच्या पाठीमागे काहीतरी करकरलं. भार हलला की जुनं लाकूड करकरतं तसं. मग गुडघ्याची हाडं वाजली. मग अगदी कानाशी कोणीतरी हलकेच म्हणालं, “देवा रे.”

इसाजीने मागे वळून पाहिलं. मागे रिकामं अंगण होतं आणि त्यात ऊन पडलं होतं.

त्या दिवशी तो चार घरी गेला आणि चारही उंबरठ्यांवर तेच झालं. करकर, गुडघे आणि तो उसासा. पुढे रोजच होऊ लागलं. दुकानात शिरताना, गोठ्यात शिरताना, सिनेगॉगात एकटा दिवा पुसायला गेला तरी. आत कोणी नसायचं, पण कोणीतरी उठायचं.

त्याच्या अंगावर काटा यायचा. पण गुरूंनी एकदा सांगितलं होतं की शास्त्र जिथे जातं तिथे देवदूत उठून उभे राहतात. इसाजीने मनाशी धरलं की आपल्यासाठी देवदूत उठत असणार. देवदूतांचे गुडघे वाजत नाहीत, एवढं तरी त्याला सुचायला हवं होतं.

एका दुपारी त्याची बायको सिपोरा हळूच म्हणाली, “अहो, मामंजींचं काहीतरी बिनसलंय.”

“काय झालं?”

“बसल्या जागी उठतात. घास हातातला ताटात टाकतात, उठतात, दाराकडे बघतात. मी विचारलं तर म्हणाले, हझान आले ना? तुम्ही तर तेव्हा बारशाला गेला होतात. त्या दिवशी चार वेळा उठले.”

“किती वेळा?”

“चार. मी मोजलं. आणि अहो, तुम्हाला ते आता इसाजी नाही म्हणत. हझान म्हणतात. अहो-जाहो करतात.”

इसाजीने त्या दिवशीचे उंबरठे मनात मोजले. तो म्हणाला, “वय झालंय त्यांचं.” पण त्यानंतर दिवसभर त्याने पोथी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो परसात गेला. आकोबाच्या घाण्यावर नुसता मांडव होता, त्याला दार नव्हतं, भिंतही नव्हती. डोळ्यांना झापड लावलेला बैल गोल फिरत होता आणि आकोबा त्याच्यामागे फिरणाऱ्या घाण्याच्या फळीवर बसून त्याला हाकत होता. समोर दहा पावलांवर पेंड साठवायची खोली होती. तिला उंच उंबरठा होता. आकोबाचं तिकडे लक्ष नव्हतं, तो बैलाकडे बघत होता.

इसाजीने उंबरठा ओलांडून एक पाय आत टाकला. कानाशी लाकूड करकरलं आणि तिकडे मांडवात आकोबा चालत्या फळीवर उभा राहिला.

इसाजीने पाय बाहेर घेतला. आकोबा बसला.

इसाजी पुन्हा आत गेला. आकोबा उठला. म्हाताऱ्याने वळून पाहिलं नाही. तो समोरच्या माडांकडे तोंड करून, कोणी मोठा माणूस यावा तसा हात जोडून उभा राहिला. त्याच्या तोंडावर हसू होतं, पण ते कोणाकडे बघून नव्हतं. इसाजी बाहेर आला, आकोबा बसला. इसाजी तिसऱ्यांदा आत गेला आणि आकोबा तिसऱ्यांदा उठला.

आता शंका उरली नव्हती. दोनदाच पुरे होतं, तीनदा म्हणजे पक्कंच. चौथ्यांदा करायची काही गरज नव्हती. इसाजीने चौथ्यांदा पाय टाकला. का टाकला, ते त्याने पुढे लोकांना कधीच सांगितलं नाही. आपल्या एका पावलावर एक माणूस उठतो आणि एका पावलावर बसतो, हे बघताना भीतीच्या तळाशी त्याला गंमत वाटली होती. हे त्याने फक्त एकाच माणसाजवळ कबूल केलं, तो माणूस पुढे येतो.

चौथ्यांदा आकोबा उठला, तेवढ्यात बैल वळणावर आला. फळी हिसकली. म्हातारा कुशीवर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज परसभर झाला.

शेजारच्या दोघांनी त्याला उचलून घरात नेलं. मागून इसाजी धावत आला आणि त्याने घराचा उंबरठा ओलांडला. त्याबरोबर मोडल्या कंबरेचा आकोबा त्या दोघांच्या हातांतून सुटून जमिनीवर उभा राहू लागला. ते दोघे धट्टेकट्टे होते, पण त्यांना तो आवरेना. एक जण ओरडला, “अरे, बाहेर हो! हझान, आधी बाहेर हो!” इसाजी मागे सरकला आणि बाहेर गेला. आकोबा दोघांच्या हातांत लुळा पडला.

वैद्याने कंबर बांधली आणि स्वच्छ सांगितलं, “सहा आठवडे आडवं राहायला हवं. उठले तर हाड सुटेल. असेच उठत राहिले तर हातचे जातील.”

त्या दिवसापासून इसाजीने एकही उंबरठा ओलांडला नाही.

तो घाण्याच्या मांडवात राहू लागला. पावसाळा चालू होता, झडी येत होती. सिपोरा ताट आणून ठेवायची आणि तो ओल्या पेंढ्यावर बसून जेवायचा. बापाचा घाणा बंद पडू नये म्हणून तो बैलाबरोबर पायी फिरायचा. फळीवर बसला नाही. ती बापाची जागा होती. शनिवारी तो सिनेगॉगाच्या अंगणात पावसात उभा राहायचा आणि आत काजीसाहेब कापऱ्या आवाजात प्रार्थना चालवायचे. लोक कुजबुजायचे की पोराला मुंबईची बाधा झाली.

संध्याकाळी तो घराच्या मागल्या खिडकीशी जाऊन बसायचा. आत खिडकीखालीच आकोबाची खाट होती. इसाजीला बापाचा श्वास ऐकू यायचा.

एकदा आकोबा आतून म्हणाला, “सिपोरा, माझा इसाजी कुठेय गं? मुंबईहून आला नाही का अजून?”

सिपोराने खिडकीकडे पाहिलं. इसाजीने खिडकीच्या गजांना धरलं आणि म्हणाला, “बाबा, मी इथेच आहे.”

आतली खाट करकरली. “हझान बोलतायत वाटतं,” आकोबा म्हणाला. “मला उठव. अगं, मला उठव लवकर.” सिपोराने दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून धरले.

“उठू नका!” इसाजी बाहेरून रडकुंडीला येऊन म्हणाला. “बाबा, मी माझा मान सोडला. ऐकताय ना? माझ्यासाठी कधीही उठू नका.”

“हझानांनी असं बोलू नये,” आकोबा म्हणाला, आणि खाट करकरतच राहिली. शेवटी इसाजी तिथून उठून लांब खाडीकडे निघून गेला. तो लांब गेला तेव्हा कुठे घर शांत झालं.

जी एक ओळ त्याने वर्षभर तोंडातून काढली नव्हती, ती काढली आणि ती फुकट गेली.

दुसऱ्या दिवशी मुसाजी काजी काठी टेकत मांडवात आले. इसाजी उठून उभा राहिला. काजीसाहेबांनी ‘बस’ म्हटलं नाही. ते पेंडीच्या पोत्यावर टेकले आणि म्हणाले, “सांग.”

इसाजीने सगळं सांगितलं. चौथं पाऊलही सांगितलं. मग म्हणाला, “काजीसाहेब, बाबांनी आपणहून मान सोडला होता. शास्त्राने तो सुटतो. मग माझं चुकलं कुठे?”

“शास्त्राने सुटतो, बरोबर आहे,” काजीसाहेब म्हणाले. “त्यानं सोडला. तू उचललास. सोडलेली वस्तू बापाची आहे हे माहीत असताना उचललीस.”

“मी काल माझा सोडला. त्याने काही झालं नाही.”

“कुठे सोडलास?”

“खिडकीशी.”

“घेतलास कुठे?”

कुठे ते इसाजीला ठाऊक होतं. घेतला होता भर सिनेगॉगात, सगळ्या गावासमोर, वर्षभर.

“मग यावर तोडगा काय?” त्याने विचारलं.

“मी काजी आहे, मांत्रिक नाही,” म्हातारा तुटकपणे म्हणाला. “तोडगा मला ठाऊक नाही. तुझ्या बापाला मुलगा दिसत नाही, एवढं मला दिसतंय. त्याच्या घरात एक हझान येतो आणि जातो. मुलगा आठ वर्षांपूर्वी मुंबईला गेला, तो परत आलेलाच नाही.” ते काठी टेकून उठले. “परवा दारफाळणी आहे. आकोबा ‘मला यायचंच’ म्हणून हट्ट धरून बसलाय. काय करायचं ते तू बघ.”

दारफाळणी हा या लोकांचा वर्षातला सर्वांत मोठा उपवास. लोक पांढरे कपडे घालतात, एकमेकांची माफी मागतात, घरांची दारं लावून घेतात आणि सूर्य मावळायच्या आत सिनेगॉगात जमतात. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत तिथेच राहतात. त्या दिवसांत गावातला तो भाग सगळे मेल्यासारखा दिसतो. सगळी दारं बंद, ओट्या रिकाम्या, आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं न बोलता एका दिशेने चाललेली.

त्या दिवशी ऊन कललं तेव्हा शेजाऱ्यांनी आकोबाला खुर्चीत बसवून ओटीवर आणलं. सहावा आठवडा चालू होता. हाड बसत आलं होतं, पण पायांत जीव नव्हता. सिपोराने त्याला पांढरा अंगरखा घातला होता. इसाजी ओटीखाली पाठ करून वाकला आणि आवाज बदलून म्हणाला, “माझ्या पाठीवर द्या.”

आकोबाने मुलाच्या गळ्यात हात टाकले. त्याने उचलणाऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आवाजही ओळखला नव्हता. तो कानाशी म्हणाला, “सांभाळून हो बाबा. आणि जरा लगबग कर. हझानांच्या आधी पोचव मला. ते आले आणि मी उभा नसलो तर बरं दिसणार नाही.”

“पोचवतो,” इसाजी तशाच आवाजात म्हणाला.

वाटेत म्हाताऱ्याचं वजन काहीच वाटलं नाही. वर्षभर उठून उठून तो चिपाडासारखा झाला होता. बंद दारांमधून ते दोघे चालत गेले. सिनेगॉगाचं दार उघडं होतं आणि आत सगळी माणसं जमली होती. इसाजी उंबरठ्याशी थांबला. त्याच्या मनात एकच हिशोब होता. मी एकटा आत गेलो तर बाबा उठतील. बाबांना घेऊन गेलो तर उठायला ते जमिनीवर नसतीलच.

त्याने पाय उचलला आणि पाठीवरचा बाप जागा झाला.

ते लुळे पाय एकदम ताठले. टाचा इसाजीच्या बरगड्यांत रुतल्या. बाप त्याच्या पाठीवरच उभा राहू पाहत होता, आणि त्याबरोबर त्याचं वजन वाढायला लागलं. आधी एका माणसाचं झालं, मग दोघांचं, मग दहांचं. वर्षभरात जो जो माणूस इसाजीसाठी उठला होता तो तो जणू त्या पाठीवर चढत होता. कानाशी “देवा रे, देवा रे” चाललं होतं आणि तो आवाज एकट्या आकोबाचा नव्हता. इसाजीचे गुडघे वाकले. डोक्यावरचं पागोटं सुटून पायात आलं. आत पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं रीतीप्रमाणे उठून उभी होती, आणि गावाचा हझान त्यांच्यासमोर गुडघ्यांवर आला. मागे फिरला असता तर वजन तिथेच उतरलं असतं, हे त्याला कळत होतं. त्याने दोन्ही हातांनी बापाच्या पोटऱ्या घट्ट धरल्या आणि तो गुडघ्यांवर सरपटत उंबरठा ओलांडून आत गेला. गुडघे सोलवटले, त्याच्या पांढऱ्या धोतरावर रक्त आलं. कोणी पुढे झालं नाही. कोणाचं धाडसच झालं नाही.

बापाचा बाक भिंतीकडे होता. तिथवर तो तसाच गेला आणि त्याने आकोबाला अलगद बाकावर ठेवलं. मग उठला, दोन पावलं मागे झाला आणि बापापुढे हात जोडून उभा राहिला.

आकोबाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो मान उंच करून दाराकडे बघत होता. त्याचे हात बाकाच्या कडेवर होते आणि अंग उठायला तयार होतं.

“हझान आले का?” त्याने विचारलं.

लोक इसाजीकडे बघू लागले. हझान बसल्याशिवाय लोकांनी बसायचं नाही, म्हणून सगळे उभे. हझान बापाच्या आज्ञेशिवाय बसत नाही, म्हणून तो उभा. आणि बाप दाराकडे बघतोय. बाहेर ऊन उतरत चाललं होतं. किती वेळ गेला कोणास ठाऊक. म्हाताऱ्यांचे पाय लटपटायला लागले, पण कोणी बसलं नाही. काजीसाहेबही काठीवर भार देऊन उभे होते. ते कोणासाठी उठले होते, हे विचारायला कोणाची जीभ रेटली नाही.

“हझान आले का?” आकोबाने पुन्हा विचारलं.

“हझान येणार नाहीत, बाबा,” इसाजी म्हणाला.

“मग आत्ता आत कोण आलं?”

“मी आलो. इसाजी.”

आकोबाने दारावरची नजर काढली. ती हळूहळू फिरत इसाजीच्या सोललेल्या गुडघ्यांवर आली, मग हातांवर, मग चेहऱ्यावर. तिथे ती खूप वेळ थांबली. आठ वर्षांनी आलेल्या माणसाला ओळखायला वेळ लागतोच.

“तू होय!” म्हातारा म्हणाला. “कधीचा उभा आहेस?”

“आत्ताच उठलो, बाबा. मला उठायला फार उशीर झाला.”

आकोबाचे हात बाकाच्या कडेवरून सुटले. ताठलेलं अंग सैल पडलं आणि पाठ भिंतीला टेकली.

“बरं, बस आता,” तो म्हणाला.

इसाजी बापाच्या पायांशी बसला. मग सगळा गाव बसला. काजीसाहेबांनी काठीने हझानाचा मधला ओटा दाखवला, सूर्य मावळत होता. इसाजीने बापाकडे पाहिलं, बापाने मान हलवली, तेव्हाच तो प्रार्थनेला उठला. त्या संध्याकाळी धर्मग्रंथांची पेटी उघडली आणि सगळे उभे राहिले, एक आकोबा सोडून. तो शेजाऱ्याला सांगत होता, “माझा मुलगा आहे. मुंबईहून आलाय.”

पुढे आकोबा तीन वर्षं जगला. तो पुन्हा कधी उठला नाही. हाड जुळलं, पण पाय चालले नाहीत. वैद्याला त्याचं कारण कळलं नाही. आयुष्यभराचं उठणं त्याने एका वर्षात उठून संपवलं होतं. इसाजी घरी आला की खाटेपुढे उभा राहायचा, बाप ‘बस’ म्हणेपर्यंत. कधी म्हाताऱ्याचा डोळा लागलेला असायचा. मग इसाजी तासभर उभा राहायचा आणि सिपोरा भात झाकून ठेवायची.

मग एका पहाटे आकोबा गेला. सकाळीच त्याला पुरून आले.

या लोकांत बाप गेला की मुलाने सात दिवस जमिनीवर बसायचं असतं. माणसं येतात, सांत्वन करतात. माणसं आली, पण इसाजी बसेना. तो रिकाम्या खाटेपुढे हात जोडून उभा होता. सिपोराने विनवलं, शेजाऱ्यांनी दंडाला धरून ओढलं. तो म्हणायचा, “बसतो, बसतो,” आणि खाटेकडे बघत तसाच राहायचा. सकाळची दुपार झाली. त्याचे पाय सुजले, ओठ पांढरे पडले. लोक एकमेकांकडे बघू लागले. बाप उठून उठून झिजला तसाच हा उभा राहून जाणार, असं सगळ्यांना वाटलं.

दुपारी काजीसाहेब आले. आता त्यांना दोघांनी धरून आणावं लागायचं. दारातून आत आल्यावर त्यांनी इसाजीकडे पाहिलं नाही. त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं, धरणाऱ्यांचे हात सोडवले आणि मान लववून ते तिथे क्षणभर उभे राहिले. खोलीतल्यांच्या अंगावर शहारा आला.

मग ते इसाजीला म्हणाले, “आकोबा कधीचा तुला बस म्हणतोय. तुला ऐकू येत नाही का?”

“नाही, काजीसाहेब,” इसाजी म्हणाला. “मला काहीच ऐकू येत नाही.”

“मला येतंय,” काजीसाहेब म्हणाले. “बस.”

इसाजी बसला. जमिनीला टेकला तसा त्याला हुंदका आला, आणि मग तो पोटभर रडला.

तात्पर्य: आईवडील मायेपोटी आपला मान सोडून देतात, पण मुलाने तो घ्यायचा नसतो, त्यांना परत द्यायचा असतो. आणि ज्याच्यासाठी चार माणसं उठतात, त्याने आपण स्वतः कोणासाठी उठायचं आहे हे विसरू नये.